जार, चीक आणि अंडें



गेल्या कार्तिकांतील एका रात्रीची गोष्ट सांगतों. भिंगारला आमच्या घरामागें शेजाऱ्यांचा गोठा आहे. त्यांची संकरित गाय रात्रीं अकराच्या सुमारास व्याली आणि कालवड झाली. गाईनें तिला चाटून कोरडी केली. अर्ध्यापाऊण तासांत ती चारी पायांवर डुगडुगत उभी राहिली आणि कोणीं न शिकवितां तिनें तोंड कांसेकडे वळविलें. तोंच घरांतील आजीबाईंनीं तिला मागें ओढलें. मीं म्हटलें, "आजी, पिऊं द्या कीं तिला." त्या म्हणाल्या, "गुरुजी, आधी जार पडू द्या. जार पडल्याबिगर चीक पाजायचा नसतो. आमच्या सासूबाईंनी असंच शिकवलंय." ह्याच गाईची मागच्या वेताची कालवड आठव्या दिवशीं हगवणीनें गेली होती, हें मला ठाऊक होतें, म्हणून मी जरा घुटमळलों. इतक्यांत खांबाला टेकून बसलेल्या त्यांच्या दहा वर्षांच्या नातवानें विचारलें, "गुरुजी, कोंबडीचा जार कुठं असतो?"

आजीबाई हंसल्या, मला मात्र हंसूं आलें नाहीं. तीसपस्तीस वर्षें मीं शाळेंत मुलें शिकविलीं, पण इतका नेमका प्रश्न फार थोड्यांनीं विचारला असेल. त्याचें उत्तर शोधीत गेलें तर गोठ्यांतून निघून ऑस्ट्रेलियांतील नद्यांपर्यंत जावें लागतें, आणि तेथून परत आल्यावर त्या कालवडीला चीक केव्हां पाजावा ह्याचाही उलगडा होतो. आज आपल्याला तेवढी वाट चालावयाची आहे.

जनावर व्याल्यानंतर जें वेष्टन मागाहून पडतें त्याला आपण जार म्हणतों. बाईमाणसाच्या बाबतींत तीच वार. शाळेच्या पुस्तकांत तिला अपरा असें नांव असतें. गर्भ पोटांत असतांना ह्याच वेष्टनांतून, नाळेच्या वाटेनें, आईच्या रक्तांतील अन्न व प्राणवायु त्याला पोंचतो, आणि त्याच्या शरीरांतील टाकाऊ द्रव्यें आईच्या रक्तांत जातात. मात्र आईचें व गर्भाचें रक्त एकमेकांत मिसळत नाहीं. दोहोंमध्यें पडदे असतात. ह्या पडद्यांची गोष्ट पुढें येणार आहे, ती ध्यानांत असूं द्यावी. जार हा शब्द संस्कृत ‘जरायु’ ह्याचेंच घरगुती रूप होय. आपल्या पूर्वजांनीं प्राणिमात्रांचे जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे जे चार वर्ग पाडले, त्यांतील पहिला ह्या वेष्टनावरूनच ओळखला जातो. गाय, घोडा, मनुष्य हे जरायुज. पक्षी, साप, मासे हे अंडज. घामापासून उवा होतात ही स्वेदजांची कल्पना आतां टिकणारी नाहीं. पण पहिल्या दोन वर्गांची वांटणी इतकी सोयीची आहे कीं, आजही आपण तिच्याच आधारानें विचार करतों.

ही वांटणी मुलांच्या लक्षांत राहावी म्हणून मी वर्गांत एक जुना ठोकताळा सांगत असें. ज्यांचे कान बाहेर दिसतात ते पिल्लें देतात, ज्यांचे दिसत नाहींत ते अंडीं घालतात. मुलें तो चटकन पाठ करीत. एका वर्षीं एका शेतकऱ्याचा मुलगा उभा राहून म्हणाला कीं, उसांत मारलेल्या घोणशीच्या पोटांतून जिवंत पिल्लें निघालेलीं आपण स्वतः पाहिलीं आहेत. "थापा मारूं नकोस," असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. चूक माझी होती. घोणस आणि फुरसें हे आपल्या भागांतील दोन्ही विषारी साप अंडीं बाहेर घालीत नाहींत. तीं मादीच्या पोटांतच वाढतात आणि जिवंत पिल्लें बाहेर येतात. घोणशीला एका वेळीं वीसतीस पिल्लें होणें ही सामान्य गोष्ट आहे, आणि सापाला बाहेर कान तर नसतातच. उलट बाजूनेंही ठोकताळा फसतो. मालवणच्या समुद्रांत जे डॉल्फिन दिसतात त्यांचेही कान बाहेर नाहींत, पण ते पिल्लालाच जन्म देतात. पिल्लूं बहुधा शेंपटीकडून बाहेर येतें आणि पहिला श्वास घेण्यासाठीं लगोलग पाण्याच्या पृष्ठभागावर येतें. त्या मुलाची क्षमा मागावयाची राहिली ती राहिलीच.

तर मग गाय, वटवाघूळ, डॉल्फिन आणि आपण माणसें, ह्यांना एका कुळांत बसविणारी खूण कोणती? निव्वळ पिल्लें देण्यावरून ती ठरत नाहीं, हें घोणशीनें दाखविलेंच आहे. ती ठरते दुधावरून. स्वीडनमधील लिनियस ह्या पंडितानें १७५८ सालीं ह्या वर्गाला स्तनांवरून नांव दिलें आणि आपण मराठींत त्यांना सस्तन प्राणी म्हणूं लागलों. नांव चांगलें आहे, पण त्यांतही एक खोंच आहे. ह्या कुळाच्या सर्वांत जुन्या शाखेंतील मादीला दूध असतें, परंतु स्तनाग्रें नसतात. आणि ती अंडीं घालते.

ही शाखा म्हणजे प्लॅटिपस व एकिड्ना. प्लॅटिपस हें पूर्व ऑस्ट्रेलियांतील नद्यांत राहणारें जनावर. अंगावर दाट लव, तोंडाला बदकासारखी रुंद चोंच, बोटांना पडदे. १७९९ सालीं ब्रिटिश म्यूझियममधील जॉर्ज शॉ ह्यांनीं एका वाळक्या कातड्यावरून त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां कोणीं बदकाची चोंच दुसऱ्याच जनावराच्या कातड्याला जोडून आपली थट्टा तर केली नाहीं ना, अशी शंका खुद्द त्यांनाच आली होती. पुढें ऐंशींहून अधिक वर्षें विद्वानांत वाद चालला. एका पक्षाचें म्हणणें, हें जनावर अंडीं घालीत असलें पाहिजे, म्हणून तें दूध पाजणाऱ्यांतलें नव्हेच. दुसऱ्या पक्षानें त्याच्या शरीरांतील दुधाच्या ग्रंथी दाखविल्या आणि म्हटलें, दूध आहे त्या अर्थीं अंडीं असणें शक्य नाहीं. दोन्ही पक्ष अर्धे बरोबर होते. त्या नद्यांच्या कांठीं पिढ्यान्पिढ्या राहणारे मूळ रहिवासी, तें अंडीं घालतें असें सांगत होते. परंतु त्यांची साक्ष कोणीं धरली नाहीं. मला येथें तो घोणशीवाला विद्यार्थी आठवतो.

अखेर १८८४ सालीं केंब्रिजचा कॉल्डवेल नांवाचा एक तरुण संशोधक क्वीन्सलंडमधील बर्नेट नदीवर तळ देऊन बसला, आणि तेथील मूळ रहिवाशांच्याच मदतीनें त्यानें अंडीं मिळविलीं. त्याची तार मॉन्ट्रियल येथें भरलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या परिषदेंत २ सप्टेंबर रोजीं वाचण्यांत आली. तार अवघ्या चार शब्दांची होती. हे प्राणी अंडीं घालतात आणि त्यांच्या अंड्यांत गर्भाची वाढ पक्ष्यांच्या अंड्याप्रमाणें बलकाच्या एका भागावर सुरू होते, एवढाच तिचा मतलब. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं ॲडिलेड शहरांत विल्हेल्म हाके ह्यांनीं एकिड्नाच्या पिशवींत सांपडलेलें अंडें तेथील विद्वन्मंडळीपुढें ठेवलें. कॉल्डवेलच्या शोधापायीं त्या मुक्या प्राण्यांची फार मोठी कत्तल झाली, हेंही सांगितलें पाहिजे.

प्लॅटिपसची मादी नदीच्या दरडींत लांब बीळ खणते, आंत ओल्या पाल्याचें अंथरूण करते आणि त्यावर बहुधा २ अंडीं घालते. अंडें सुमारें १७ मिलिमीटरांचें, म्हणजे चिमणीच्या अंड्याहूनही कांहींसें लहान. टरफल कोंबडीच्या अंड्यासारखें कडक नसतें. तें चामड्यासारखें चिवट असतें. पोट आणि शेंपूट ह्यांच्या मध्यें अंडीं धरून मादी अंगाची गुंडाळी करून पडून राहते. सुमारें १० दिवसांनीं अंडें फोडून पावट्याच्या दाण्याएवढें, आंधळें, उघडेंनागडें पिल्लूं बाहेर येतें. बलकाची शिदोरी तोंपर्यंत संपलेली असते. मग तीनचार महिने त्याचें पोट दुधावर भरतें. आईच्या पोटावरील कातडींतून दूध घामासारखें पाझरतें आणि पिल्लें तें तेथूनच चाखतात. अंडज आणि स्वेदज ह्या दोन्ही शब्दांची आठवण एकदमच व्हावी, असा हा प्रकार आहे!

उघड्या कातडीवर पाझरणाऱ्या दुधाला बिळांतील माती व जंतु लागणारच. पण त्या दुधांत जंतूंना मारणारें, अगदीं वेगळ्या घडणीचें एक प्रथिन आहे; त्याची घडण ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २०१८ सालीं उलगडून दाखविली. ओलाव ओफ्टेडाल ह्या अमेरिकेंतील संशोधकानें तर असें मत मांडलें आहे कीं, दूध हें आरंभीं पिल्लाचें अन्न नव्हतेंच. चामड्यासारख्या टरफलाचीं अंडीं वाळून जाऊं नयेत म्हणून आईच्या कातडींतून सुटणारा तो ओलावा होता. जंतूंपासून संरक्षण आणि पोषण हीं कामें त्याला पुढें जोडलीं गेलीं. हें मत पूर्ण मानावें कीं नाहीं हा विद्वानांचा प्रश्न. पण अंडीं घालणाऱ्या शाखेंतही दूध आहे, ह्यावरून एक गोष्ट उघड होते. आपल्या कुळांत दूध आधीं आलें, आणि गाईच्यासारखा भरभक्कम जार मागाहून.

एकिड्ना दिसावयास आपल्या साळिंदरासारखा कांटेरी, पण लांबट नळीसारख्या तोंडानें मुंग्या व वाळवी खाणारा. त्याची मादी एकच अंडें घालते, आणि तें आपल्या पोटावरील तात्पुरत्या पिशवींत ठेवते. दहाएक दिवसांनीं पिल्लूं बाहेर येतें व पिशवींतच दूध पीत राहतें. त्याला कांटे फुटूं लागले म्हणजे आई त्याला बिळांत ठेवते. हें तिनें केलें नसतें तरच नवल! एकिड्नाच्या चार जाती आणि प्लॅटिपसची एक, मिळून अंडीं घालणारे सस्तन प्राणी साऱ्या जगांत पांचच. पैकीं न्यूगिनींतील एक जात १९६१ सालानंतर कोणा शास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडली नव्हती. २०२३ सालीं रानांत लावून ठेवलेल्या कॅमेऱ्यांत ती पुन्हां दिसली.

अंड्यांनंतरची पायरी पिशवीची. कांगारू सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. तांबड्या कांगारूचें पिल्लूं पोटांत फक्त ३३ दिवस असतें आणि जन्मतांना त्याचें वजन एक ग्रॅमहूनही कमी भरतें. डोळे नाहींत, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पण पुढच्या पायांनीं आईच्या केसांना धरून तें आपण होऊन पिशवींत चढतें आणि स्तनाग्राला चिकटतें. पुढचे सुमारें आठ महिने पिशवी हेंच त्याचें घर. कांगारूलाही जार असतो, परंतु तो थोड्या दिवसांचा आणि कामचलाऊ. खरें पोषण दुधानेंच होतें. एकाच वेळीं एक मोठें पिल्लूं बाहेरून तोंड घालून पीत असतें आणि दुसरें चिमुकलें आंत चिकटलेलें असतें, तेव्हां आई दोन स्तनाग्रांतून दोघांना दोन प्रतींचें दूध देते. गवळ्यानें हेवा करावा अशी ही सोय आहे.

आतां नातवाचा प्रश्न. दुसऱ्या दिवशीं मीं त्याला शेजारच्या खुराड्यांतून, पिल्लूं नुकतेंच बाहेर पडलेलें एक टरफल आणावयास सांगितलें. टरफलाच्या आंतल्या बाजूला रक्ताच्या बारीक शिरांचें जाळें असलेला एक ओला पापुद्रा चिकटलेला होता. तो दाखवून मीं म्हटलें, "हा बघ कोंबडीचा जार." ही थट्टा नव्हे. अंड्यांत गर्भाभोंवतीं जीं वेष्टनें तयार होतात, त्यांतील हें एक टरफलाला आंतून लागून पसरतें आणि टरफलाच्या छिद्रांतून येणारी हवा गर्भाला पुरवितें. गाईच्या पोटांत टरफल नाहीं. तेथें ह्याच घराण्यांतील वेष्टनें टरफलाऐवजीं गर्भाशयाच्या भिंतीला जाऊन भिडलीं आणि हवेबरोबर अन्नही घेऊं लागलीं. कोंबडी २१ दिवसांची सारी शिदोरी अंड्यांत एकदांच बांधून देते. गाय ती रोजच्या रोज पोंचती करते. म्हणून गाईला मोठ्या बलकाची गरज उरली नाहीं.

ही रोजची शिदोरी किती दिवस पुरवावयाची, ह्याचा हिशेब प्रत्येक जातीचा निराळा. उंदीर ३ आठवडे, कुत्री ९ आठवडे, शेळी ५ महिने, गाय ९ महिने ९ दिवस, म्हैस १० महिने १० दिवस, घोडी ११ महिने, गाढवी १२, सांडणी १३ आणि हत्तीण २२ महिने, हें आपल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असे. संगमनेरी शेळीला पुष्कळदां जुळीं होतात; गाईम्हशींत जुळें क्वचित्. ज्यांना जन्मतःच पळावयाचें असतें त्यांना आई पोटांतच पुरतें तयार करते. कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं काळविटांसाठीं अभयारण्य झालें. तेथील मादी सुमारें ६ महिन्यांनीं बहुधा एकाच पाडसाला जन्म देते. तें जन्मतः डोळस असतें. आरंभीं गवतांत निपचित लपून राहतें, आणि थोड्याच दिवसांत कळपाबरोबर धावूं लागतें. वडापिंपळावर लटकणारें मोठें वटवाघूळही एका वेळीं एकच पिल्लूं देतें. त्याच्या गर्भाची व जाराची वाढ नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ मोघे ह्यांनीं तपासून १९५१ सालीं प्रसिद्ध केली. तेथेंच गोपालकृष्ण ह्यांनीं पुढें आयुष्यभर वटवाघळांच्या प्रजननाचा अभ्यास केला. अंगावर खवले असल्यामुळें खवल्या मांजर अंडीं घालीत असेल असें पुष्कळांना वाटतें. तेंही पिल्लूंच देतें. पिल्लूं आईच्या शेंपटीच्या मुळाशीं बसून हिंडतें.

बिबट्याची गोष्ट उलट आहे. त्याची मादी तीनसाडेतीन महिन्यांत वितें आणि बहुधा दोनतीन पिल्लें होतात. तीं जन्मतः आंधळीं असतात. आपल्या जिल्ह्यांत अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय ह्यांनीं शेतांतून राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला आहे. उंच ऊस हा मादीला रानासारखाच वाटतो, आणि तोडणीच्या दिवसांत मजुरांना फडांत पिल्लें सांपडतात. आई जवळ दिसली नाहीं म्हणजे पिल्लें टाकून दिलीं आहेत असें समजण्याचें कारण नाहीं. ती भक्ष्याच्या शोधांत किंवा माणसांच्या भयानें दूर गेलेली असते. म्हणून वनखात्याचे लोक तीं पिल्लें सांपडल्या जागींच संध्याकाळीं खोक्यांत ठेवतात, आणि बहुतेक वेळां आई रात्रीं येऊन एकेकास तोंडांत धरून घेऊन जाते. तीं पिल्लें हौसेनें घरीं आणणारानें त्यांच्या दुधाची काय सोय करावयाची, हा विचार आधीं करावा.

आतां पुन्हां गोठ्यांत येऊं. सर्व जरायुज प्राण्यांचा जार एका घाटाचा नसतो. स्त्रीची वार ताटलीसारखी एका जागीं असते. कुत्री, मांजर, बिबट्या ह्यांची वार गर्भाभोंवतीं कमरपट्ट्यासारखी. घोडीचा जार मखमलीसारखा सर्व पृष्ठभागानें भिंतीला टेकलेला, म्हणून तो बहुधा दोनतीन तासांच्या आंत सुटून पडतो. गाईचें तसें नाहीं. तिच्या गर्भाशयाच्या आंतल्या बाजूस बटणांसारखे उंचवटे असतात, सुमारें शंभर; आणि जाराच्या बाजूनें तितकेच गुच्छ त्यांना काजांप्रमाणें घट्ट बसलेले असतात. एक एक बटण सुटावें तेव्हां जार मोकळा होतो. साधारणतः तो १२ तासांच्या आंत पडतो. न पडला तर लोंबत्या टोंकाला दगड किंवा जुनी वहाण बांधण्याची चाल खेड्यांत आहे. ती घातक आहे. बटणें ओढून तुटलीं म्हणजे आंत जखमा होतात, रक्त जातें, पू धरतो, आणि गाय पुढें गाभण राहत नाहीं. अशा वेळीं पशुवैद्याला बोलवावें. स्वतः हात घालूं नये.

आणि आतां त्या पडद्यांची गोष्ट. स्त्रीच्या वारेंत आईचें रक्त व मुलाचें रक्त ह्यांमधील पडदा इतका पातळ आहे कीं, आईच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें शेवटच्या महिन्यांत पोटांतच मुलाकडे जातात. मूल जन्मतः थोडें तरी चिलखत घालून येतें. गाईच्या जारांत हे पडदे अधिक आहेत. त्यांतून अन्न जातें, प्राणवायु जातो, पण तीं द्रव्यें जात नाहींत. वासरूं जन्मतें तेव्हां त्याच्या रक्तांत आईनें दिलेलें हें संरक्षण जवळजवळ कांहींच नसतें. म्हैस, शेळी, मेंढी, घोडी ह्यांच्या पिल्लांचीही हीच अवस्था. आईनें तें चिलखत दुसरीकडे ठेवलेलें असतें, तें म्हणजे चिकांत. चीक पिवळा व दाट असतो तो उगीच नव्हे.

पण त्याला वेळेची अट आहे. वासराच्या आंतड्याची भिंत हीं मोठीं द्रव्यें जशींच्या तशीं रक्तांत घेऊं शकते ती फक्त आरंभींच्या कांहीं तासांत. तास जसजसे उलटतात तसतशी ती वाट अरुंद होत जाते, आणि सुमारें २४ तासांनीं बंद होते. त्यानंतर पाजलेला चीक पोट भरतो. चिलखत देत नाहीं. म्हणून पशुवैद्य सांगतात कीं, पहिला चीक तासा-दोन तासांच्या आंत पोटांत गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवशीं वासराच्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याला दोनतीन वेळां करून मिळाला पाहिजे. ३० किलो वजनाच्या वासराला सुमारें ३ लिटर. जार पडण्याची वाट पाहत अर्धी रात्र घालविली, किंवा तो चीक खरवसासाठीं काढून ठेवला, तर वासरूं आठवड्याच्या आंत हगवणीनें किंवा फुप्फुसाच्या विकारानें जाण्याचें भय फार असतें. आपण मग दृष्ट लागली म्हणतों.

चीक आधीं पाजल्यानें जार अडकतो, ही समजूत कोठून आली असेल ती असो. शरीराचा व्यवहार उलट आहे. वासरानें सड ओढला म्हणजे गाईच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका लहान ग्रंथींतून एक द्रव्य रक्तांत सुटतें. त्याच द्रव्यानें पान्हा सुटतो, आणि त्याच द्रव्यानें गर्भाशय आकुंचन पावतें. तेव्हां वासराचें पिणें जाराला अडवीत नाहीं, झाली तर मदतच करतें.

हें सारें त्या रात्रीं मीं आजीबाईंपुढें बोललों नाहीं. सासूनें दिलेली शिकवण एका मास्तराच्या तोंडच्या व्याख्यानानें सुटत नसते. मीं एवढेंच म्हटलें, "आजी, जाराची वाट तर पाहायचीच आहे. पण मागची गेली ती उपाशी ठेवूनच गेली. हिला पिऊन वाट पाहूं द्या." त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग "बघू," म्हणून त्यांनीं दावें सैल सोडलें. कालवड दोन ठिकाणीं चुकून तिसऱ्या खेपेस सडाला लागली, आणि ढुशा देत देत पिऊं लागली. नातवानें घड्याळ पाहून बारा वाजल्याचें सांगितलें.

जार पहांटे साडेचारच्या सुमारास पडला, आणि तो त्यांनीं खड्डा करून पुरला. तिसऱ्या दिवशीं आमच्या घरीं खरवसाची वाटी आली. बरोबर नातू होता, आणि त्याच्याजवळ निरोप होता. हा चीक दुसऱ्या दिवसाचा आहे; पहिल्या दिवसाचा सगळा तिनंच संपवला.